पहिलं पाणी, दुसरं पाणी

आई, मी घरी बिअर करते.

हे वाक्य तुझ्यासमोर बसून म्हणायची माझी कधीच टाप झाली नसती. तुला जाऊन सोळा वर्षं झाली, मी पन्नाशी ओलांडली, तरी लिहिताना मान खाली गेलीच. तू "शी!" म्हणालीस ते मला ऐकूसुद्धा आलं. ते तुझं ठेवणीतलं शी, ओठ जरा वाकडे करून, नाकातून श्वास सोडत म्हटलेलं. बाबांची सिगारेट, माझा बॉयकट, समोरच्या घरातून येणारा सुक्या बोंबलाचा वास, सगळ्यांना तू त्या एका अक्षरात निकालात काढायचीस. आज लिहायला बसले आहे ती त्या अक्षरापायीच. बिअर आपलं निमित्त. तेव्हा थोडा वेळ नाक दाबून ऐक.

फ्रिस्कोच्या आमच्या घरात गॅरेजमधली एका गाडीची जागा माझ्या पातेल्यांनी आणि पिंपांनी खाल्ली आहे. तुझा जावई बिचारा गाडी बाहेर उन्हात लावतो आणि आत येताना नाक धरतो. त्याचं काही चुकत नाही. भरडलेले जव गरम पाण्यात भिजले की पहिला तासभर वास फार छान सुटतो, गुऱ्हाळावर काकवी उकळावी तसा. पण नंतर उरलेला चोथा टाकायला एक दिवस उशीर झाला की टेक्सासच्या उन्हात तो असा काही आंबतो की विचारू नकोस. एकदा मी तो काळ्या पिशवीत बांधून डब्यात टाकला आणि कचऱ्याची गाडी यायला चार दिवस होते हे विसरले. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर आत नुसती वळवळ. मी तिथेच ड्राइव्हवेवर ओकले. वर सोसायटीची चिठ्ठी आली, आपल्या घरातून दुर्गंधी येत असल्याची तक्रार आहे, कृपया लक्ष द्यावे. तुझ्या लेकीच्या घराला दुर्गंधीची चिठ्ठी, आई! जी तू ओटा दिवसातून चार वेळा पुसायचीस.

हे सगळं मला शिकवलं दोन घरं सोडून राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थांनी. बायको गेली, मुलं लांब, दिवसभर गॅरेज उघडं टाकून काहीतरी उकळत बसलेले असतात. मनात मी त्यांना काका म्हणते, तोंडावर नावानं हाक मारते, इथे तसंच चालतं. या हिवाळ्यात त्यांनी मला एक जुनी रीत दाखवली. एकाच धान्यातून दोन बिअर काढायच्या. जव भिजवायचे, तासाभरानं पहिलं पाणी काढून घ्यायचं. ते दाट, मधाच्या रंगाचं, गोडमिट्ट. त्याची होते कडक, भारी बिअर. मग त्याच चोथ्यावर पुन्हा गरम पाणी ओतायचं आणि ते वेगळं काढायचं. ते पातळ, फिकट. त्याची होते हलकी बिअर. दोन्ही पाणी वेगवेगळं उकळायचं, वेगवेगळं आंबवायचं, वेगळ्या बाटल्यांत भरायचं. चोथा गाळायला मी तू दिलेला मलमलचा पंचा घेतला. मी अमेरिकेला निघाले तेव्हा तू तो माझ्या बॅगेत कोंबला होतास, "तिकडे चक्का कशात बांधशील?" म्हणून. तो आता तपकिरी झालाय, कितीही धुतला तरी जात नाही.

पहिलं पाणी काढून झाल्यावर मी चोथ्यात डाव फिरवला आणि माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं, "अजून जीव आहे यात." काकांनी विचारलं, काय म्हणालीस? मग मी त्यांना हसत हसत तुझी गोष्ट सांगितली. माझी आई चहासुद्धा असाच करायची, पहिल्या पाण्याचा आमच्या बाबांना आणि पाहुण्यांना, दुसऱ्या पाण्याचा भांडी घासायला येणाऱ्या बाईला. काय सांगू, किती कौतुकानं सांगितली! जणू काही तू थोर शास्त्रज्ञ होतीस. काका म्हणाले, "आमच्याकडेही जुन्या काळी असंच होतं, पहिली मालकांची आणि दुसरी नोकरांची." मग त्यांनी विचारलं, "आणि ती बाई काय म्हणायची?" मी तोंड उघडलं आणि मला उत्तरच येईना.

साताऱ्याचं इरिगेशन कॉलनीतलं आपलं क्वार्टर. ओट्याला काळ्या कडप्प्याची चौकट, वर तुझे पितळी डबे, खाली निळ्या ज्योतीचा स्टोव्ह. सकाळचे साडेसात. तू बाबांचा चहा गाळतेस, चोथा पातेल्यात परत टाकतेस, त्यात दुधाचं भांडं विसळून ते पाणी ओततेस, अर्धा चमचा साखर, आणि पुन्हा उकळी. बाई मोरीपाशी उकिडवी बसून असते. मोरीच्या खिडकीत तिचा कप. पांढरा, कान तुटलेला, आतून करडा. तो ती स्वतः उतरवायची, स्वतः धरायची, आणि तू पातेलं हातभर वर धरून ओतायचीस, पातेल्याची कड कपाला लागू नये म्हणून. पिऊन झालं की ती कप विसळून परत खिडकीत ठेवायची. हे कुणी कुणाला कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. आणि एक सांगू का, दुसऱ्या पाण्याचा तो चहा तूही प्यायचीस. त्याच पातेल्यातला उरलेला, ओट्याला टेकून, आपल्या फुलाफुलांच्या कपातून. म्हणजे चहा दोघींचा एकच होता. मी ही गोष्ट इतकी वर्षं काटकसरीची गोष्ट म्हणून सांगत आले, कारण चहाबद्दल बोलत राहिलं की कपाबद्दल बोलावं लागत नाही.

मी नऊ वर्षांची असताना एकदा तहान लागली म्हणून मोरीच्या खिडकीतला तो कप घेतला, माठातलं पाणी भरलं आणि प्यायले. तुला आठवतंय? मला तर कालच्यासारखं आठवतंय. तू मागून आलीस आणि "शी! शी! शी!" असं तीनदा ओरडलीस. माझा दंड धरून मोरीत नेलंस, "जीभ काढ बाहेर" म्हणालीस, आणि खड्याचं मीठ लावून जीभ घासलीस. मी रडत होते, चुळा भरत होते, तू पाठीवर थापट्या मारत "थुंक, अजून थुंक" म्हणत होतीस. आणि बाई तिथेच बसलेली होती. तीन हातांवर, हातात राखेचा काथ्या. ती सगळं बघत होती. मग तिनं खाली मान घातली आणि आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. दुसऱ्या दिवशी तू चहाला हाक मारलीस तर म्हणाली, "नगं वैनी, घरनं पिऊन आले." मग रोजच घरनं पिऊन यायला लागली. ती आपल्याकडे होती तोवर, म्हणजे मी कॉलेजात जाईपर्यंत, तिनं आपल्या घरात चहाचा घोट घेतला नाही. तू म्हणायचीस, "नखरे बघा एकेकीचे." ती काय म्हणायची, या काकांच्या प्रश्नाचं हे उत्तर होतं. मला ते येत होतं, फक्त देता आलं नाही.

आता माझ्याकडे ये. आमच्याकडे बारा वर्षं दर पंधरा दिवसांनी गुरुवारी एक बाई साफसफाईला यायच्या. ग्वाटेमालाच्या, माझ्याच वयाच्या. मी त्यांना नावानं हाक मारायचे, त्याही मला नावानंच, येता-जाता मिठी, ख्रिसमसला भेट, त्यांच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना मी ऐकवायचे, "इथे बघा कशी डिग्निटी असते कामाला!" असं म्हणताना माझा चेहरा कसा होत असेल या विचारानं आता अंगावर काटा येतो. कारण आमच्या लाँड्री रूममध्ये, वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर, साबणाच्या डब्याशेजारी एक निळा मग होता. कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये फुकट मिळालेला, कडेचा टवका उडालेला. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यातून त्यांना पाणी दिलं. दुसऱ्यांदाही त्यातूनच दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी तो स्वतःच फळीवरून घेतला. माझी आई गं, मी कधी ठरवलंसुद्धा नव्हतं! स्वयंपाकघरात डझनभर कप पडलेले असताना बारा वर्षं तो मग साबणाच्या डब्याशेजारी राहिला, आणि मला तो तिथे कधी दिसलाच नाही.

मे महिन्यात तुझी नात पदवीधर झाली. तू तिला सहा वर्षांची पाहिलीस, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि सिएटलला नोकरी लागली आहे. तिच्यासाठी शनिवारी दुपारी मागच्या अंगणात पार्टी ठेवली. माझ्या दोन्ही बिअर तोवर तयार होत्या. तुझ्या चहाची गोष्ट मी तिलाही कौतुकानं सांगितली होती, तेव्हा लेकीनं बाटल्यांना लेबलं रंगवली. एकीवर "पहिलं पाणी", एकीवर "दुसरं पाणी", तिच्या त्या वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत. मंडळातली माणसं, ऑफिसातली, तिचे मित्र, काका, सगळे आले. मी ज्याला-त्याला ग्लास तिरका धरून, फेस होऊ न देता, पहिल्या पाण्याची बिअर ओतून देत होते. "काकू, तुम्ही? बिअर?" असं पोरं ओरडत होती. मी नुसती हवेत होते.

त्यात लेकीनं मला न विचारता त्या बाईंनाही बोलावलं होतं. कामाला नाही, पाहुणी म्हणून. त्यांनी तिला दहा वर्षांची असल्यापासून पाहिलंय. त्या हिरवा ड्रेस घालून आल्या, केस नीट बांधलेले, हातात स्वतः विणलेली शाल, कागदात गुंडाळलेली. त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि दोघी स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलून रडल्या. मग त्या आत स्वयंपाकघरात आल्या. मी म्हटलं, या या, काय घेणार? आणि आई, मी वळले, लाँड्री रूममध्ये गेले, साबणाच्या डब्याशेजारचा मग घेतला, परत आले, "दुसरं पाणी"ची बाटली उघडली आणि ओतली. ओट्यावर स्वच्छ ग्लासांची रांग होती. मी ती ओलांडून गेले. आणि ओतली कशी? वरून. हातभर वरून, बाटलीचं तोंड मगाला लागू न देता. सगळा फेस झाला, मगाबाहेर आला, त्यांच्या मनगटावरून ओघळला. त्या "ग्रासियास" म्हणाल्या, हसल्या, उभ्या उभ्या प्यायल्या. नंतर त्या हिरव्या ड्रेसमध्ये सिंकपाशी गेल्या, तो मग धुतला, लाँड्री रूममध्ये जाऊन फळीवर ठेवला आणि बाहेर अंगणात गेल्या.

लेक दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"मॉम," ती म्हणाली, "व्हाय डज शी हॅव अ मग?"

"अगं, ती लाइट बिअर होती. त्यांना परत ड्राइव्ह करायचंय ना."

"एव्हरीवन इज ड्रायव्हिंग, मॉम. धिस इज फ्रिस्को."

मी टिश्यूनं ओटा पुसायला लागले. तुझ्यासारखीच. तिनं विचारलं, "आजीची ती टी स्टोरी. त्या बाईंना कशातून द्यायची आजी?" हे तिनं मराठीत विचारलं. लेक माझ्याशी मराठी बोलते ती एरवी फक्त काही हवं असेल तेव्हा. मी म्हटलं, "सोड ना यार, पाहुणे आलेत." तशी ती लाँड्री रूममध्ये गेली, तो मग घेऊन आली, उरलेलं दुसरं पाणी त्यात ओतलं, माझ्याकडे बघत बघत तोंडाला लावला.

आणि मी "शी!" म्हणाले.

मी म्हणाले असं म्हणणंही खोटं आहे. ते आलं. पोटातून आलं, ओठ वाकडे झाले, नाकातून श्वास गेला, आणि माझा हात तिच्या हातातला मग काढून घ्यायला पुढे गेला. चांगला मोठ्यानं आवाज निघाला. मग पाहिलं तर दारात त्या बाई उभ्या, खुर्चीवर विसरलेली पर्स न्यायला आलेल्या. शी कळायला कुणाला मराठी यावं लागत नाही, आई. त्यांनी मगाकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, पर्स उचलली. लेकीच्या गालाला हात लावला. मला म्हणाल्या, "थँक यू फॉर द पार्टी." बारा वर्षांत पहिल्यांदाच त्या मला मिठी न मारता गेल्या. मंगळवारी मेसेज आला, यापुढे गुरुवार जमणार नाही, दुसरं घर मिळालंय, देव तुमचं भलं करो. घरनं पिऊन आले, असंच ते. मी चार मेसेज लिहिले आणि चारही पुसले. माफी कशाची मागायची? मगाची मागितली तर मग होता हे कबूल करावं लागतं. शेवटी एक पाठवला, सॉरी एवढाच. त्यावर उत्तर आलं नाही, येऊही नये.

लेक त्यानंतर आठ दिवस घरात होती. भांडली असती तर बरं झालं असतं. जायच्या दिवशी एअरपोर्टवर नेताना गाडीत फक्त एवढंच म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टू गेट इट फ्रॉम यू." मधुमेहाबद्दल बोलावं तसं. मी हायवेवर होते, डोळे पुसायला हात सोडवेना. आता ती रविवारी फोन करते, हवापाणी विचारते, बाबांना दे म्हणते. तिच्या घरी कधी येऊ असं मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिला काम निघालं. आई, मला ती परत हवी आहे, आणि मी ते मागायला ज्या तोंडानं जाईन त्याच तोंडातून ते अक्षर बाहेर पडलं होतं.

मला तुझी किळस आली. सांगते स्पष्ट. पाहुणे गेल्यावर संध्याकाळी मी दोन्ही बिअरच्या उरलेल्या बाटल्या एकेक करून सिंकमध्ये ओतल्या आणि दर बाटलीला तुला शिव्या दिल्या. मीठ लावून जीभ घासलीस तेव्हा घाण निघाली नाही, आई, तू ती तेव्हा लावलीस. नऊ वर्षांच्या पोरीच्या जिभेवर. आणि इतकी पक्की लावलीस की चाळीस वर्षं, दोन डिग्र्या, सात समुद्र, काही म्हणजे काही तिला घालवू शकलं नाही. तू प्रेमळ होतीस, माझ्या तापात रात्रभर उशाशी बसायचीस, त्या बाईच्या लेकीच्या बाळंतपणात डिंकाचे लाडूही करून दिले होतेस. ते तरी कशात दिलेस? वर्तमानपत्राच्या कागदात, म्हणजे डबा परत घ्यायला नको. आता तुझं काहीच मला सुटं आठवत नाही, प्रत्येक आठवणीला खालून ते चिकटलेलं दिसतं. आणि तुझ्यावर चिडून तरी काय करू? तू गेलीस. हात माझा होता, मगही माझा होता. आता शिसारी येते ती माझ्या स्वतःच्या तोंडाची. आरशात दात घासताना जीभ दिसली तरी येते.

काका परवा नवे जव घेऊन आले होते, चल म्हणाले, पुन्हा करू. मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. मलमलचा पंचा मी टाकायला काढला होता, तोही टाकवला नाही, घडी करून ठेवलाय.

हे पत्र कुठे पाठवायचं? सातारच्या त्या क्वार्टरमध्ये आता कोण राहतं, मला माहीत नाही. लेकीला पाठवावं असं एकदा वाटलं, पण तिला एवढं मराठी वाचता येत नाही, आणि इंग्रजीत लिहायला बसले की माझी वाक्यं लगेच सभ्य होतात. राहू दे इथेच.

फक्त एक राहिलं. तो निळा मग मी साबणाच्या डब्याशेजारून काढला. चांगला घासला, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात आमच्या मगांमध्ये, पुढच्या रांगेत ठेवला. लेकीला फोटोसुद्धा पाठवला. तिनं एक हृदय पाठवलं, लाल, छोटंसं. मी त्या हृदयाकडे किती तरी वेळ बघत बसले होते. त्यानंतर काल सकाळी चहा केला, कपाट उघडलं, तर बाकीचे सगळे डिशवॉशरमध्ये, खरकटे. समोर तो एकटा, स्वच्छ, कोरडा. मी डिशवॉशर उघडला, आदल्या दिवशीचा एक उष्टा मग बाहेर काढला, धुतला, आणि त्यात चहा घेतला.